नैराश्याच्या गोळ्या चालू असताना सिगारेट कशी सोडायची: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

नैराश्यावर उपचार घेणारा माणूस सिगारेट सोडतो, तेव्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेक वेळा एकच गोष्ट घडते. मन खाली बसतं, झोप उडते, कुणी साधं काही विचारलं तरी अंगावर धावून जावंसं वाटतं. मग टपरीवर जाऊन एक सिगारेट ओढली जाते आणि पाच मिनिटांत बरं वाटतं. त्यावरून तो ठरवून टाकतो, "सिगारेट हेच माझं औषध होतं." पुढे कित्येक वर्षं हे कुणी तपासून पाहत नाही.

हा समज चुकीचा आहे. सिगारेट सोडण्याच्या कामात नैराश्य असलेल्यांची अडचण इच्छाशक्तीपेक्षा क्रमाची जास्त असते. आधी काय करायचं, डॉक्टरांना कधी सांगायचं, कुठली गोळी बदलायची, कुठली मुळीच बदलायची नाही, हे उलटसुलट झालं की चांगला निर्धारही चौथ्या दिवशी मोडतो. खालचे टप्पे त्या क्रमासाठी आहेत. विडी ओढणाऱ्यांनाही ते जसेच्या तसे लागू पडतात.

थांबा: जगू नये असं वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर हा लेख बाजूला ठेवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. सिगारेटचं नंतर बघता येईल.

## आधी एवढं समजून घ्या: तीन गोष्टी, तीन वेग

पहिली गोष्ट निकोटीन. झुरका घेतल्यावर ते दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, तिथल्या ॲसिटिलकोलीनच्या ग्राहींना (पेशींवरच्या रसायन पकडणाऱ्या जागांना) चिकटतं आणि डोपामिन हे सुखाची जाणीव देणारं रसायन सुटतं. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. त्यामुळे रोज पाकीट संपवणाऱ्या माणसाला दर तास-दीड तासाने बेचैनी सुरू होते आणि पुढची सिगारेट ती बेचैनी मिटवते. टेन्शन गेलं असं वाटतं, पण गेलेलं टेन्शन बरंचसं आधीच्या सिगारेटनेच आणलेलं असतं.

दुसरी गोष्ट त्या ग्राहींची संख्या. वर्षानुवर्षं निकोटीन मिळत राहिलं की मेंदू ग्राही वाढवतो. सिगारेट बंद झाली की हे जादा ग्राही रिकामे राहतात आणि तलफ येते. त्यांची संख्या पूर्ववत व्हायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. सिगारेट सोडवणारी औषधं बारा आठवड्यांच्या आसपास का द्यावी लागतात, त्याचं एक कारण हे.

तिसरी गोष्ट धूर, आणि नैराश्याच्या बाबतीत हीच सगळ्यात कमी लोकांना माहीत असते. डोपामिन, सिरोटोनिन आणि नॉरॲड्रेनलिन या मनःस्थितीशी जोडलेल्या रसायनांचं विघटन करणारं मोनोॲमिन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम मेंदूत असतं. तंबाखूच्या धुरातले काही घटक ते अडवतात. ओढणाऱ्यांच्या मेंदूत या एन्झाइमचा 'बी' प्रकार न ओढणाऱ्यांपेक्षा सुमारे ४० टक्के कमी असतो, हे १९९६ मध्ये पेट स्कॅनवर दिसलं. नैराश्यावरच्या जुन्या औषधांचा एक गट नेमकं हेच एन्झाइम अडवतो. म्हणजे सिगारेटमध्ये नैराश्यविरोधी औषधासारखं काहीतरी असतं, हा अनुभव अगदीच खोटा नाही. पण पुढचं ऐका. टोरांटोमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये खूप ओढणाऱ्या लोकांना काही तास सिगारेटविना ठेवून तपासलं, तेव्हा मेंदूच्या पुढच्या भागात याच एन्झाइमचा 'ए' प्रकार वाढलेला आढळला. ज्यांच्यात तो जास्त वाढला, त्यांचं मन जास्त खाली गेलं होतं. तिसऱ्या दिवशीचं खचलेपण खरं आहे, रासायनिक आहे आणि काही आठवड्यांचं आहे. तो तुमचा स्वभाव नव्हे आणि 'मूळ आजार उघडा पडला' असंही दर वेळी नसतं.

ते काही आठवडे निघाले की काय होतं? २६ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं. सिगारेट सोडलेल्यांचं नैराश्य, चिंता आणि ताण, चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत कमी झाले होते. ज्यांना आधीपासून मानसिक आजार होता त्यांच्यातही तेच दिसलं.

## टप्पा १ : एक आठवडा फक्त नोंदी

या आठवड्यात काहीही सोडायचं नाही. बहुतेकजण हा टप्पा गाळतात आणि मग चौथ्या दिवशी तुलना करायला हातात काही उरत नाही.

वहीत किंवा मोबाइलमध्ये दोन नोंदी ठेवा. प्रत्येक सिगारेटची वेळ आणि त्या वेळी काय चाललं होतं ते, ही एक. रोज रात्री मनाला शून्य ते दहापैकी एक आकडा (दहा म्हणजे सगळ्यात बरं), ही दुसरी. सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने लागते ते वेगळं लिहा. निकोटीनचं अवलंबित्व ओळखायची ही सर्वात सोपी खूण आहे. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर अवलंबित्व बरंच आहे, पाच मिनिटांच्या आत लागत असेल तर भरपूर.

सात दिवस झाले की पीएचक्यू-९ ही प्रश्नावली भरा. ती मराठीत उपलब्ध आहे. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज ५ ते ९ आली तर सौम्य नैराश्य, १० ते १४ मध्यम, १५ किंवा त्याच्या वर गेली तर जास्त. नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं, तर बेरीज कितीही असो, आधी डॉक्टर.

तपासा: हा आकडा तारीख घालून जपून ठेवा. सिगारेट सोडल्यावर दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात प्रश्नावली पुन्हा भरायची आहे.

विडीवाल्यांसाठी एक टीप. विडी हलकी, म्हणून अवलंबित्व कमी, असं धरून नोंदीत सूट घेऊ नका. तेंदूच्या पानातून हवा कमी जाते, विडी विझू नये म्हणून जास्त वेळा आणि जोरात ओढावी लागते. निकोटीन आणि टार त्यातून कमी मिळत नाही.

## टप्पा २ : गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे

हा टप्पा चुकला तर नुसती सिगारेट परत सुरू होत नाही, औषधाची विषबाधाही होऊ शकते. म्हणून जरा सविस्तर.

धुरातल्या काही घटकांमुळे यकृतातलं सीवायपी-१ए२ नावाचं एन्झाइम जोरात काम करतं. हे एन्झाइम काही औषधं शरीराबाहेर काढण्याचं काम करतं. ओढणाऱ्याच्या शरीरातून ती औषधं झपाट्याने जातात, म्हणून डॉक्टरांनी डोस तुमच्या त्या अवस्थेत बसवलेला असतो. सिगारेट बंद झाली की आठवडाभरात एन्झाइम मंदावतं. डोस तोच, पण रक्तातलं प्रमाण वाढलेलं.

कुठली औषधं?

क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर मानसिक आजारांवरची औषधं सगळ्यात महत्त्वाची. क्लोझापिनचं रक्तातलं प्रमाण दीडपट किंवा त्याहूनही वर जाऊ शकतं. खूप गुंगी, लाळ गळणं, तोल जाणं, चक्कर आणि वाईटात वाईट म्हणजे फिट. नैराश्यावरच्या औषधांपैकी ड्युलोक्सेटिन आणि फ्लुवोक्सामिन यांच्यावर परिणाम होतो, मिर्टाझापिनवर काही प्रमाणात. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन या नेहमीच्या गोळ्यांना सहसा धक्का लागत नाही. दम्यासाठी थिओफायलिन घेत असाल तर तेही सांगा. इन्सुलिन आणि वॉरफरिन घेणाऱ्यांनीही सांगायचं, कारण त्यांचाही डोस पुन्हा पाहावा लागतो.

आता यातली मेख. हा परिणाम धुराचा आहे, निकोटीनचा नाही. त्यामुळे निकोटीनचा पॅच किंवा गम वापरला तरी एन्झाइम मंदावायचं ते मंदावतंच. "मी पॅच लावलाय, मग गोळ्यांचं काही बदलायला नको," हा हिशेब चुकतो. विडी सोडून मळलेल्या तंबाखूवर आलेल्याचंही तेच होतं.

डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी कागदावर लिहून न्या, कारण ओपीडीत पाच मिनिटं मिळतात:

१. रोज किती सिगारेटी किंवा विड्या, पहिली कधी.
२. सोडायची तारीख साधारण कोणती.
३. चालू असलेली सगळी औषधं, आयुर्वेदिक आणि झोपेच्या गोळ्यांसह.
४. पीएचक्यू-९ चा आकडा.
५. फिट कधी आली होती का, किडनीचा त्रास आहे का, रोज दारू घेता का.

सावधान: डोस स्वतः कमी करायचा नाही. ही माहिती डॉक्टरांनी बदल करावा म्हणून आहे. घरातला कुणी क्लोझापिन घेणारा माणूस अपघाताने किंवा ऑपरेशनसाठी रुग्णालयात भरती झाला तर त्याची सिगारेट आपोआप बंद होते, हेही तिथल्या डॉक्टरांना मुद्दाम सांगा. कुणाच्या लक्षात येत नाही.

चहा-कॉफीही याच यादीत बसते. कॅफिन शरीराबाहेर काढणारं एन्झाइम हेच. सिगारेट सोडल्यावर तेवढ्याच कपांमधून रक्तातलं कॅफिन दुपटीच्या आसपास जातं. धडधड, हाताला कंप, रात्री दोनपर्यंत टक्क जाग; आणि माणूस म्हणतो, "सिगारेट सोडल्यापासून चिंता वाढली." पहिल्या दिवसापासून चहा-कॉफी निम्म्यावर आणा आणि दुपारी चारनंतर बंद ठेवा. एकदम शून्यावर मात्र नको, नाहीतर डोकेदुखीचं वेगळंच प्रकरण सुरू होईल.

## टप्पा ३ : तारीख ठरवणं

नैराश्य पूर्ण बरं होण्याची वाट बघू नका, ती वाट संपत नाही. पण खोल गर्तेत असतानाही तारीख धरू नका. साधा नियम: गोळ्या सुरू होऊन किंवा डोस बदलून किमान चार-सहा आठवडे झालेले असावेत आणि नोंदवहीतला रात्रीचा आकडा स्थिर असावा. खूप वर असायची गरज नाही, स्थिर पुरे.

सगळ्यात घातक चूक याच टप्प्यावर होते. नवीन वर्ष, वाढदिवस किंवा गुढीपाडवा बघून माणूस म्हणतो, "आता सगळ्याच सवयी सोडतो," आणि सिगारेटबरोबर नैराश्याच्या गोळ्याही बंद करतो. दोन्हींची माघार, म्हणजे सवयीचं रसायन बंद झाल्यावर होणारा त्रास, एकाच आठवड्यात येते. कशामुळे काय होतंय ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. सिगारेट सोडण्याच्या आधीचे दोन आणि नंतरचे सहा महिने गोळ्या बंद करण्याचा विषय काढू नका. डोस बदलणं वेगळं, ते टप्पा २ प्रमाणे डॉक्टर करतील.

एकदम सोडायची की हळूहळू? ब्रिटनमध्ये सुमारे ७०० लोकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. एका दिवशी पूर्ण सोडणाऱ्यांपैकी चार आठवड्यांनी ४९ टक्के टिकून होते, दोन आठवडे कमी करत सोडणाऱ्यांपैकी ३९ टक्के. दोन्ही गटांना औषधांची जोड होती. एकदमचा धाक वाटत असेल तर कमी करत जा, पण शेवटची तारीख कॅलेंडरवर हवी. "कमी केल्यात, आता चारवर आहे" हे वाक्य वर्षभर चालतं. शिवाय संख्या कमी झाली की प्रत्येक सिगारेट खोलवर आणि थोटकापर्यंत ओढली जाते.

## टप्पा ४ : सोबतीचं औषध

नैराश्य असलेल्याने केवळ मनाच्या जोरावर सोडण्याचा हट्ट धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पर्याय तीन.

निकोटीनचा गम आणि पॅच. २ मिलीग्रॅमचा गम औषधाच्या दुकानात मिळतो. पहिली सिगारेट उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर ४ मिलीग्रॅमचा लागतो, त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. पॅच ७, १४ आणि २१ मिलीग्रॅमचे असतात. रोज दहापेक्षा जास्त ओढणाऱ्याची सुरुवात सहसा २१ ने होते. पॅच आणि गम दोन्ही मिळून, एकट्या कशापेक्षाही चांगलं काम करतात. पॅच दिवसभराची बैठक सांभाळतो, गम मधूनच उठणारी तलफ.

"मग निकोटीन ते निकोटीनच की!" हा आक्षेप नेहमी येतो. फरक वेगाचा आहे. झुरक्यातलं निकोटीन सेकंदांत मेंदूवर आदळतं, गममधलं वीस-तीस मिनिटांत हळूहळू चढतं. व्यसन लागतं ते त्या आदळण्यामुळे. आणि धूर तर पूर्णपणे बंद झालेला असतो.

गम चुकीचा चघळणारे इतके आहेत की "गम घेऊन बघितला, काही उपयोग नाही" म्हणणाऱ्याला मी आधी चघळून दाखवायला सांगेन. पद्धत अशी:

१. आधीची पंधरा मिनिटं चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक काही नको. तोंडात आंबटपणा असला की निकोटीन शोषलं जात नाही.
२. गम सावकाश चावा. मिरमिरल्यासारखी तिखट चव आली की थांबा.
३. गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवा. चव गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावा, जागा बदलून पुन्हा ठेवा.
४. अर्ध्या तासाने टाकून द्या.

साध्या च्युइंगगमसारखा भराभर चघळला तर निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं. उचकी लागते, जळजळते, मळमळतं आणि तलफ तशीच राहते. दुसरी चूक संख्येची. दिवसाला दोन-तीन गमवर भागवायला बघतात. सुरुवातीला आठ ते बारा लागतात. तलफ अनावर होण्याची वाट न बघता नोंदवहीतल्या सिगारेटच्या वेळांच्या आधीच गम घ्या.

पॅच कोरड्या, केस नसलेल्या जागी, दंडावर किंवा छातीवर लावा आणि रोज जागा बदला. विचित्र स्वप्नं पडू लागली तर झोपताना काढून ठेवा.

व्हॅरेनिक्लिन. हे चिठ्ठीवर मिळतं. निकोटीनच्याच ग्राहींना अर्धवट चालना देतं आणि जागा अडवून बसतं, त्यामुळे तलफ कमी होते आणि ओढली तरी मजा येत नाही. तारखेच्या एक आठवडा आधी छोट्या डोसने सुरू होतं, बारा आठवडे चालतं. जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यायचं, नाहीतर मळमळतं. याने नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढतात अशी भीती बरीच वर्षं होती, अमेरिकेत त्याच्या पाकिटावर तसा ठळक इशाराही असायचा. मग आठ हजारांहून जास्त लोकांवर, ज्यांतले निम्मे मानसिक आजाराचा इतिहास असलेले होते, ईगल्स नावाची चाचणी झाली. २०१६ मध्ये आलेल्या तिच्या निकालात हे औषध घेणाऱ्यांमध्ये असा त्रास लक्षणीय वाढलेला दिसला नाही, आणि सिगारेट सुटण्याचं प्रमाण त्यातच सर्वाधिक होतं. त्याच वर्षी तो इशारा काढला गेला. तरीही पहिल्या महिन्यात मनातले बदल घरच्या एका माणसाला रोज सांगायचे, एवढी खबरदारी ठेवा.

ब्युप्रोपिऑन. मुळात नैराश्यावरचं औषध, सिगारेट सोडायलाही उपयोगी. तारखेच्या एक-दोन आठवडे आधी सुरू करतात. फिट येण्याचा इतिहास, खाण्याचे विकार, नुकतीच अचानक सोडलेली दारू किंवा झोपेच्या गोळ्या, यात ते चालत नाही.

सावधान: मानसोपचारतज्ज्ञांनी तुम्हाला नैराश्यासाठी ब्युप्रोपिऑन आधीच दिलेलं असू शकतं, वेगळ्या ब्रँडच्या नावाने. सिगारेटसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी तेच पुन्हा लिहिलं तर डोस दुप्पट होतो आणि फिटचा धोका वाढतो. स्ट्रिपवरचं बारीक अक्षरातलं मूळ नाव वाचा.

ई-सिगारेटचा विचार करू नका. भारतात २०१९ पासून तिच्या विक्रीवर बंदी आहे, चोरून मिळते तिच्यात काय भरलंय ते कुणी सांगू शकत नाही.

## टप्पा ५ : आदला दिवस

घर, गाडी, ऑफिसचं कपाट, जुनी बॅग, जॅकेटचे खिसे. पाकिटं, लाइटर, ॲशट्रे सगळं बाहेर. "एक आणीबाणीसाठी" ठेवलेली सिगारेट ही पहिली ओढली जाणारी सिगारेट असते.

टपरीचं काय? सुट्ट्या सिगारेटच्या विक्रीवर महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, पण ती कुठे मिळते ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. चहाची टपरीच काही आठवडे बदला. कटिंग हातात आली की दुसऱ्या हाताला सिगारेट हवी असते, आणि त्या जागी उभं राहून निर्धार तपासून बघण्यात काही शहाणपण नाही.

घरच्यांना दोन गोष्टी सांगा. रोज "ओढली नाहीस ना?" असं विचारायचं नाही. आणि चिडचिड झाली तर "यापेक्षा ओढत होतास तेच बरं" हे वाक्य चेष्टेतही नको. बायको किंवा आई हे वाक्य प्रेमापोटीच बोलते, पण ऐकणाऱ्याला ती परवानगी वाटते.

## टप्पा ६ : पहिले ७२ तास

त्रास पहिल्या दिवशीच सुरू होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातो. म्हणून पहिला दिवस शुक्रवार ठेवणं अनेकांना सोयीचं पडतं. मात्र एकट्या राहणाऱ्याने रिकामा शनिवार-रविवार टाळावा, त्यापेक्षा कामाचा दिवस बरा.

एकेक तलफ साधारण तीन ते पाच मिनिटं टिकते. तेवढ्या वेळात जागा सोडा, जिना उतरून या, गार पाणी प्या, बडीशेप तोंडात टाका, कुणाला तरी फोन करा. दहा मिनिटं झपझप चालल्यानेही तलफ खाली येते. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा नि:शुल्क क्रमांक सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. तिथले समुपदेशक पुढे पाठपुराव्याचे फोनही करतात.

नैराश्य असलेल्यांसाठी इथे एक वेगळी तरतूद लागते. सिगारेट हा अनेकांच्या दिवसातला एकमेव सुखाचा क्षण असतो. तो काढून घेतला आणि जागा रिकामी ठेवली, तर मन बसणारच. म्हणून रोज तीन छोट्या गोष्टी वेळ घालून लिहा. सकाळी साडेसातला गच्चीत चकरा, दुपारी एकला मित्राबरोबर डबा, संध्याकाळी सातला आवडीचं गाणं लावून आंघोळ, असं काहीही चालेल. इच्छा होईल तेव्हा करू, असं ठेवू नका. नैराश्यात इच्छा आधी येत नाही, केल्यावर थोडी थोडी येते.

दारू किमान महिनाभर बाजूला ठेवा. पहिल्या पेगनंतर सिगारेट मागणारा माणूस तुम्ही स्वतःच असाल.

तपासा: ७२ तासांनंतर रात्रीचे आकडे बघा. दोन-तीनने घसरले असतील तर ते अपेक्षित आहे. क्लोझापिन किंवा ओलान्झापिन घेणाऱ्याला नेहमीपेक्षा जास्त गुंगी वाटत असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा, पुढच्या भेटीची वाट बघू नका.

## टप्पा ७ : दुसरा ते चौथा आठवडा, माघार की नैराश्य?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. दोन्हींत झोप बिघडते, लक्ष लागत नाही, मन खट्टू असतं. तरी फरक ओळखता येतो.

माघारीचा त्रास लाटांसारखा येतो आणि मधे बरे तास मिळतात. उदासीपेक्षा चिडचिड जास्त असते. भूक वाढते. गम नीट वापरला तर अर्ध्या-पाऊण तासात थोडा तरी उतार पडतो. आणि दर आठवड्याला रात्रीच्या आकड्यांची एकूण रेघ वर सरकत जाते. बहुतेकांचा त्रास दोन ते चार आठवड्यांत ओसरतो.

नैराश्य उलटत असेल तर बरे तास कमी होत जातात. पहाटे तीन-चारला जाग येते आणि सकाळ सगळ्यात जड जाते. आवडीच्या गोष्टींचंही काही वाटत नाही. 'मी सगळ्यांवर ओझं आहे' असा सूर लागतो. गमने फरक पडत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातही रेघ खालीच जाते.

दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात पीएचक्यू-९ भरा. सुरुवातीच्या आकड्यापेक्षा पाच किंवा त्याहून जास्त वाढ दिसली, किंवा नवव्या प्रश्नाला शून्य नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांची भेट पुढे ढकलू नका. त्यांच्याकडे उपाय आहेत: गोळीचा डोस, समुपदेशन, सोबतीच्या औषधात बदल. सिगारेट परत सुरू करणं हा त्यांतला उपाय नाही. तिने आजचा दुपारचा त्रास मिटेल, चार आठवड्यांची सगळी कमाई जाईल आणि 'सिगारेटच माझं औषध' हा समज आणखी घट्ट होईल.

वजनाबद्दल आत्ताच सांगून ठेवतो, कारण मिर्टाझापिन किंवा ओलान्झापिन घेणाऱ्यांचं ते आधीच वाढलेलं असतं. पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढतं. पहिल्या महिन्यात डाएट सुरू करू नका, उपाशी मेंदूला तलफ आवरत नाही. फरसाणाचा डबा नजरेआड करा, चणे-शेंगदाणे, काकडी, ताक समोर ठेवा, एवढं पुरे.

सावधान: सिगारेट सुटली आणि मळलेली तंबाखू, गुटखा किंवा मिश्री सुरू झाली, तर निकोटीनचं चक्र तसंच चालू राहतं आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वर. आपल्याकडे ही अदलाबदल फार होते. घरात मिश्री लावणारं कुणी असेल तर डबी त्यांच्या खोलीत राहू दे.

## टप्पा ८ : घसरलात तर

एक सिगारेट ओढली म्हणजे एक सिगारेट ओढली. पाकीट विकत घेतलं तर प्रकरण वेगळं. नैराश्यात मन लगेच "माझ्याच्याने काही होत नाही" इथपर्यंत धावतं, आणि त्या विचारातून उरलेली एकोणीस ओढली जातात.

त्याच दिवशी तीन गोष्टी लिहा: किती वाजता, कुणाबरोबर, आधीच्या तासात काय झालं. पॅच चालू असताना एखादी ओढली गेली म्हणून पॅच काढून टाकू नका, तो पुढे चालू ठेवा. व्हॅरेनिक्लिनचंही तसंच. मग बघा, सोबतीचं औषध खरंच पुरेसं होतं का? बहुतेक घसरणींच्या मागे कमी गम, चुकीचा चघळलेला गम किंवा "बरं वाटतंय" म्हणून चौथ्या आठवड्यात बंद केलेलं औषध सापडतं.

पुन्हा रोजची सुरू झालीच, तर टप्पा २ उलट दिशेने लागू होतो. एन्झाइम परत वेग घेतं आणि क्लोझापिन किंवा ओलान्झापिनचं प्रमाण घसरतं. डॉक्टरांनी डोस कमी केलेला असेल तर तो आता अपुरा पडेल आणि मूळ आजार उसळेल. लाज वाटते म्हणून लोक हे लपवतात. डॉक्टरांना फोन करून फक्त एवढं सांगा: "परत ओढायला लागलोय, रोज इतक्या."

## टप्पा ९ : तीन महिन्यांनंतर

पॅच दर काही आठवड्यांनी २१ वरून १४, मग ७ वर आणतात. गमची संख्या आठवड्याला एक-दोनने कमी करा. शेवटचे दोन-तीन गम सोडवत नसतील तर घाई नको, महिनाभर जास्त चालले तरी हरकत नाही.

पीएचक्यू-९ आठव्या आठवड्याचा आणि बाराव्याचा, पहिल्या आकड्याशेजारी ठेवून बघा. तो खाली आला असेल तर नैराश्याच्या गोळ्या बंद करायचा मोह होईल. थांबा. सिगारेट सोडल्यापासून सहा महिने पुरे होऊ द्या, मग ती नोंदवही घेऊन मानसोपचारतज्ज्ञांसमोर बसा. गोळ्या कमी करायच्या ठरल्या तर त्याही टप्प्याटप्प्यानेच होतील, आणि त्या काळातही रात्रीचा आकडा लिहिणं चालू ठेवा.